लाडू पुरे, आता हे वाच

प्रिय संज्या,

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू! डब्यांचा फोटो पाहून वहिनींच्या माहेरचा हेवा वाटला. अळिवात लोह भरपूर असतं, ते चालू राहू दे. पण बाळंतिणीला पाणी कमी का, तर म्हणे पोट सुटतं. डाळ वातूळ, पालेभाजी बाळाला बाधते. अरे, अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. तूपभातावर किती दिवस काढणार? पाणी तहानेप्रमाणे पिऊ द्या.

लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायची असते. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. त्या गोळीत असतं त्या फॉलिक ॲसिडचा माग मुंबईतच लागला, ठाऊक आहे? 1928 च्या सुमारास लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग, म्हणजे रक्त कमी होणं, अभ्यासायला आली. यीस्टच्या अर्काने त्या सुधारल्या. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट (फॉलिक ॲसिड त्याचंच रूप), हे पुढे कळलं. तोवर बायकांच्या ताटात काय पडतं, हे पाहायला कोणाला सवड होती!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. 'ती उगाच रडते, सासूबाई दृष्ट काढतात,' असं तू फोनवर हसत सांगितलंस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू फुटणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. तुमचा सव्वा महिना होत आला. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, हे थकव्याच्या नावावर खपवू नकोस. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असं होतं, म्हणून दोन्ही तपासून घे. शिवाय हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, दूध तोडावं लागत नाही. 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' हेही तिला सरळ विचार. विचारल्याने तसं मनात येत नाही. भलतेच भास होऊ लागले, जीव द्यायची भाषा आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट.

शनिवारी जाशील तेव्हा पाहुण्यासारखा बसू नकोस. रात्री पाजून झालं की बाळ तू घे; ढेकर, लंगोट, झोपवणं तुझ्याकडे. तिला सलग चार तास तरी झोपू दे. सासूबाईंशी वाद घालू नकोस, दृष्टही काढू देत.

डिस्चार्ज कार्डावर हिमोग्लोबिन लिहिलेलं असेल, तो आकडा मला आजच पाठव.

तुझा,
दिन्या