जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मानवत नाही

महोदय,

शहर सोडून शेतावरच्या जुन्या घरात सहकुटुंब राहायला जाणाऱ्यांनी आमची चूक टाळावी, म्हणून हे पत्र. दगड, माती आणि चुन्यात बांधलेल्या भिंती जमिनीतली ओल शोषतात आणि ती हवेत सोडूनही देतात. पोर्टलँड सिमेंटचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमेंटचे, पेटंटच १८२४ सालचे. त्याआधीपासून चालत आलेल्या बांधकामपद्धतीला हा घट्ट, ओल कोंडणारा गिलावा सोसत नाही. आमच्या गवंड्याने तो आग्रहाने चढवला (‘पक्के काम’ म्हणून आम्हीही खूश होतो) आणि वर्षभरातच पोपडे सुटले, जोत्यालगत पांढरे क्षार फुलले, तर तुळईचे भिंतीतले टोक बोटाने उकरावे इतके कुजले. आता सगळे खरवडून चुन्याचा गिलावा चालू आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होत असल्याने दोन थरांमध्ये घाई करता येत नाही. फरश्यांचे रंग निवडत बसण्याआधी छप्पर आणि घराभोवतीच्या पाण्याचा निचरा पाहायला हवा होता, हे उशिरा उमगले.

आपल्या पुरवणीत नव्या घरांच्या सजावटीवर पानेच्या पाने मजकूर येतो. चुनाकाम जाणणाऱ्या कारागिरांविषयीही लिहावे, ही विनंती.

– एक वाचक