वांग्याच्या फुलावरची निळ्या पट्ट्यांची माशी : एक आभार पत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

वाळवा तालुक्यातील आमच्या वांग्याच्या रानात टिपलेले एका माशीचे छायाचित्र मी आपल्याकडे पाठवले होते. ते पाहून आपण जे सविस्तर उत्तर कळवलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया या मधमाश्या आमच्याकडे बहुतेक शेतकरी ओळखतात. परंतु काळ्या पोटावर चमकदार निळे पट्टे असलेल्या या माशीचे नाव गावात कोणालाच सांगता येत नव्हते.

आपण आधी पंख पाहायला सांगितलेत. पंखांच्या दोन जोड्या आणि लांब मिशा असल्याने ती साधी माशी नव्हे, मधमाश्यांच्याच गोतावळ्यातली आहे, हे पक्के झाले. निळा रंग पोटाच्या खंडांच्या कडेने सलग पट्ट्यांत आहे, सुटे ठिपके नाहीत आणि मागच्या पायांवर पराग गोळा करण्याचे दाट केस आहेत, म्हणून ही ‘अमेगिला’ या गटातली मादी होय, असे आपण लिहिलेत. निळ्या ठिपक्यांची ‘थायरियस’ वेगळी; ती स्वतः पराग गोळा करत नाही, अमेगिलाच्याच घरट्यात अंडी घालते, हेही त्याच ओघात समजले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते आपले पुढचे वाक्य. चेहऱ्यावरच्या खुणा आणि पायांच्या केसांचे रंग स्पष्ट दिसल्याशिवाय नेमकी जात सांगणे योग्य होणार नाही, असे आपण नि:संकोच लिहिलेत. घाईने एखादे लांबलचक नाव देऊन मोकळे होणे सोपे होते आणि आम्हीही ते निमूट मान्य केले असते. त्याऐवजी समोरून, बाजूने आणि पाठीवरून अशी छायाचित्रे कशी घ्यावीत, हे आपण समजावलेत, आणि त्यासाठी माशी पकडण्याची गरज नाही, हेही बजावलेत.

त्यानंतर मी फुलांपाशी बसून नीट पाहिले. माशी वांग्याच्या फुलातील पिवळ्या परागकोशांना बिलगते, पंख जवळजवळ स्थिर ठेवून अंग थरथरवते, तेव्हा बारीक तीक्ष्ण गुणगुण ऐकू येते आणि परागकोशांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग झडतो. सातेरीला हे जमत नाही, हे आपल्या पत्रामुळे कळले. कृष्णाकाठच्या वांग्याची चव सारेजण वाखाणतात, मात्र ते फळ धरण्यात या माशीचा हातभार असतो, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. संध्याकाळी बांधावरच्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपलेले नरही दिसले. त्यांना नांगी नसते, हे आपण आधीच सांगितल्यामुळे मुलांनाही जवळून दाखवता आले.

या माद्या एकेकट्या राहतात आणि मऊ मातीत किंवा मातीच्या भिंतीत घरटे कोरतात, असे आपण लिहिले होते. आमच्या जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला तशीच भोके आहेत, म्हणून तिचा गिलावा घरच्यांच्या संमतीने रहित केला आहे. फुलोऱ्यात असताना दिवसा फवारणी करायची नाही, हेही ठरवले आहे. आपण सुचवल्याप्रमाणे चेहऱ्याचे छायाचित्र मिळाले, की लगेच पाठवीन.

आपला कृतज्ञ,
वाळवा तालुक्यातील एक शेतकरी