गंज बघायला गेले होते

सिअ‍ॅटल, रविवार रात्र

प्रिय बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

शिल्पं बघायला जाणार म्हटल्यावर बाबा फोनवर म्हणाले होते, "पुतळे काय बघायचे?" बाबा, पुतळे नव्हतेच. लोखंड होतं, टनावारी! म्हणून हे पत्र मुख्यतः तुम्हाला. आई, तुझ्यासाठीही आहे, पण शेवटी.

ऑलिम्पिक स्कल्प्चर पार्क इथल्या आर्ट म्युझियमचं आहे, अगदी पाण्याच्या काठाला. 2007 साली उघडलं, तिकीट नाही. पूर्वी तिथे तेलाचा डेपो होता. जमिनीत इतकं तेल मुरलेलं, की 1,20,000 टनांहून जास्त माती काढून न्यावी लागली. मधून रेल्वेचे रूळ आणि एक वाहता रस्ता जातो. ते हलवता येईनात, म्हणून इंग्रजी झेडसारखी वाट काढून दोन्हींच्या डोक्यावरून नेली आहे. मी वर असतानाच खालून मालगाडी गेली. डबे मोजायची तुमची खोड मलाही लागली आहे. चाळिशीच्या पुढे चुकले.

वर चढावर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराचा 'ईगल' आहे, 1971 सालचा, लालभडक, 39 फूट उंच. गरुड शोधत बसू नका. मला तरी दिसला नाही, पण नटबोल्ट दिसले, एकही लपवलेला नाही. हा काल्डर मुळात मेकॅनिकल इंजिनिअर होता म्हणे. खाऱ्या वाऱ्यात त्या लाल रंगाची किती निगा राखावी लागत असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि खालच्या अंगाला रिचर्ड सेरा या शिल्पकाराचं 'वेक'. बोट गेल्यावर मागे पाण्यात जी लाट पसरत जाते, ती वेक. 14 फूट उंचीच्या जाड पोलादी प्लेटा, एससारख्या वाकवलेल्या. दोन-दोन टोकांना भिडवून एक नग, असे पाच नग खडीवर उभे. आणि सगळे गंजलेले! पावसाळ्याआधी गच्चीच्या जिन्याला वायर ब्रश मारून रेडऑक्साइड लावणारे तुम्ही डोळ्यांपुढे आलात, आणि मी एकटीच हसले. पण हे कॉर्टेन नावाचं पोलाद आहे. वरचा गंज पापुद्रे सुटून पडत नाही, घट्ट धरून बसतो आणि आतलं लोखंड वाचवतो. त्या प्लेटा ज्या मशीनवर वाकवल्या, ते एके काळी फ्रान्सच्या अणुपाणबुड्यांच्या कामाला होतं, असं वाचलं. सेराने शिकत असताना पोलाद कारखान्यात काम करून पैसे कमावले. त्याचे वडील जहाजाच्या गोदीत पाइप फिटर होते. सेरा 2024 साली गेला.

दोन नगांच्या मधून चालताना भिंती अंगावर झुकल्यासारख्या वाटतात, वर आभाळाची पट्टी तेवढी उरते. मग एकदम बाहेर, समोर पाणी. मी तीनदा फिरले. हात लावायला मात्र बंदी, कारण घामाचे डाग गंजावर बसतात. तुम्ही असता तर पाटी वाचूनही बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला असता. मी हात पाठीशी बांधून फिरले, खूप जीवावर आलं.

आई, तुझं झाड. जंगलात 1996 साली कोसळलेलं हेमलॉक जातीचं एक झाड उचलून आणून काचघरात आडवं ठेवलं आहे, 60 फूट लांब. मेलेल्या खोडावर शेवाळ, नेचे, नवी रोपं उगवतात. आणि ती जगावीत म्हणून पाणी द्यायचं, हवा दमट ठेवायची, उजेडासाठी काचही हिरवी. जंगलात हे सगळं फुकट होतं. बाहेर एक कारंजंही आहे, बापलेक एकमेकांकडे हात पसरून उभे आणि पाणी आळीपाळीने एकेकाला झाकतं. फोटो पाठवत नाही, दोघंही नागडे आहेत.

बाबा, एक विचारायचं आहे. दोन प्लेटा जिथे टोकाला भिडतात, त्या फटीत पावसाचं पाणी साचणारच. सतत ओलं राहिलं तर कॉर्टेनलासुद्धा तिथे गंज खात जाईल ना? इथे पाऊस चिकट आहे, महिनोन्महिने भुरभुरतो. रविवारी फोन केल्यावर सांगा.

तुमची,
लेक