आघातावरील नेत्रहालचाल उपचार जिल्हा रुग्णालयात मिळावेत

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने मनावरचे जुने आघात दोन-तीन बैठकांत कायमचे पुसून टाकण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती अलीकडे आपल्या भागातील व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागल्या आहेत. या उपचारांचा मला स्वतःला मोठा लाभ झाला आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. उपचार खरे आहेत; परंतु ज्यांचे दुःख वर्षानुवर्षांचे आहे, त्यांना दोन-तीन बैठकांचा वायदा करणे योग्य नाही. शिवाय ज्यांना या उपचारांची सर्वाधिक गरज आहे, त्या आपल्याकडच्या बायका-मुलांपर्यंत ते पोहोचतच नाहीत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांना 1987 मध्ये असे जाणवले, की त्रासदायक विचार मनात असताना डोळे वेगाने इकडून तिकडे फिरले तर त्या विचाराची धार कमी होते. त्यांनी 1989 मध्ये यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून आठ टप्प्यांची, ई.एम.डी.आर. (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग) या नावाने आज ओळखली जाणारी पद्धत आकाराला आली. आघातानंतरच्या तणावविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही तिची शिफारस केली. याच मुळातून 2008 मध्ये लेनी रोझेन्झवाइग यांनी अ‍ॅक्सिलरेटेड रिझोल्यूशन थेरपी ही आणखी आटोपशीर पद्धत तयार केली. तिच्यात साधारण एक ते पाच बैठका असतात आणि मनात रुतलेल्या भयंकर दृश्याच्या जागी रुग्णाने स्वतः निवडलेले दृश्य आणले जाते. अमेरिकी सैनिकांवर झालेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तरीही तेथील माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत ई.एम.डी.आर.ची शिफारस आहे, तर या दुसऱ्या पद्धतीबाबत पुरावा अद्याप अपुरा असल्याचे म्हटले आहे. जाहिरात करणाऱ्यांनी हा फरक लोकांना सांगायला हवा.

डोळे फिरवून काय होणार, असा प्रश्न साहजिकच पडतो. संशोधकांचे एक स्पष्टीकरण असे आहे, की आठवण मनासमोर धरून त्याच वेळी हलत्या बोटांचा मागोवा घ्यायचा, तर मेंदूची त्या क्षणीची काम करण्याची शक्ती विभागली जाते. त्यामुळे ते चित्र पूर्वीइतके ठसठशीत राहत नाही आणि फिके झालेल्या रूपातच पुन्हा साठवले जाते. डोळ्यांच्या हालचाली अपरिहार्य आहेत की नाहीत, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. उपचाराने गुण येतो याबद्दल मात्र पुरेसा आधार आहे.

आता आघाताआघातांतला फरक. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना समोरून आलेल्या गाडीने चिरडले. तो प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात एका दिवसाचे, एका जागेचे दृश्य अडकलेले असू शकते आणि अशा माणसाला थोड्या बैठकांत मोकळे वाटणे शक्य आहे. परंतु ज्या मुलीने सगळे बालपण दारूच्या नशेतल्या हातांची चाहूल घेत काढले, ज्या बाईला सातपुड्याच्या पायथ्याशी ‘डाकीण’ ठरवून गावाने वर्षानुवर्षे छळले, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पाठीमागे नात्यातल्याच कोणाकडून जे मूल वारंवार नासवले गेले, त्यांच्या बाबतीत पुसायचे ते दृश्य कोणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा दीर्घ आघाताच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. त्यात प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवणे, टाळाटाळ आणि सततची धास्ती ही नेहमीची लक्षणे तर असतातच. त्याशिवाय भावना आवरता न येणे, आपण मुळातच निकामी आहोत ही खोल समजूत आणि जवळच्या माणसांशीही नाते टिकवता न येणे हेही असते. म्हणजे हा विकार एखाद्या आठवणीपुरता न राहता माणसाची सगळी घडणच वेढून असतो.

माझा आघात याच प्रकारातला. माहेरी आणि पुढे सासरी काय घडले त्याच्या तपशिलात मी जात नाही. निवृत्तीनंतरही रात्री कोणी दाराची कडी वाजवली, की माझे हातपाय गार पडत आणि काही क्षण मी कोठे आहे हेच कळत नसे. मला आपल्या जिल्ह्यात या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कोणी सापडले नाही, म्हणून एस.टी.ने धुळे-मालेगावमार्गे नाशिकला जावे लागले. तेथील मॅडमनी सुरुवातीच्या भेटींत डोळ्यांच्या हालचालींना हातही लावला नाही. झोप किती लागते, घरी आता कोणाची भीती आहे का, फिट्स येतात का, जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांनी सावकाश विचारले. तळवे जमिनीला टेकवून भानावर यायचे कसे, हे शिकवले आणि मनाला विसावा देणारी एखादी जागा निवडायला सांगितली. मी आजोळच्या खळ्यावरची ज्वारीची रास निवडली. त्यानंतर एके दिवशी त्या बाजूला खुर्ची घेऊन बसल्या, दोन बोटे माझ्या डोळ्यांसमोर डावीउजवीकडे फिरवू लागल्या, अर्ध्या मिनिटाने थांबून ‘आता काय येतंय?’ एवढेच विचारत आणि पुन्हा बोटे फिरवत. मध्येच खांदे दगडासारखे होत, मध्येच जांभया येत. त्रास शून्य ते दहा यांपैकी कितीवर आहे, हे त्या विचारत आणि मी सांगितलेला आकडा मान्य करत. कडीच्या आवाजाचा आकडा लवकर उतरला. ‘हे सगळे माझ्यामुळे झाले’ या समजुतीचा आकडा मात्र महिनोन्महिने हलला नाही आणि त्यासाठी कितीतरी वेगवेगळे प्रसंग एकेक करून घ्यावे लागले. आज मला रात्री झोप लागते.

या उपचारांचे जे वैशिष्ट्य मला आपल्या भागासाठी सर्वांत मोलाचे वाटते, त्याकडे जाहिरातींत कोणी लक्षच देत नाही: घडलेले सगळे तोंडाने सांगावे लागत नाही. रुग्णाने प्रसंग मनात धरायचा असतो. तो तपशीलवार वर्णन करून सांगण्याची सक्ती नसते आणि घरी जाऊन लिहून काढण्याचा अभ्यासही नसतो. ज्या समाजात बाईने सासऱ्याचे किंवा दिराचे नाव उच्चारले तर तिचीच अब्रू जाते, तेथे याचे मोल फार मोठे आहे. ‘मना जीव घाबरस’ असे सांगत प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारी बाई ताकदीची गोळी नाही तर सलाइन घेऊन परत जाते, कारण त्यापुढचे वाक्य ती कधीच बोलणार नसते. ते वाक्य न बोलताही तिच्यावर उपचार होऊ शकतात, ही गोष्ट आशा ताईंपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असायला हवी.

अर्धवट शिकलेल्या हातांची मला मात्र भीती वाटते. दीर्घ आघात सोसलेली व्यक्ती बैठकीत अचानक सुन्न होऊ शकते, भान हरपू शकते, आणि तिला परत आणणे ज्याला जमत नाही त्याने ती आठवण उघडूच नये. दीर्घ आघातात आधी मन स्थिर करण्याचा टप्पा किती लांब असावा, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांवर सलग काही दिवस दाट उपचार करूनही चांगला गुण आल्याचे अनुभव आहेत, परंतु ते मनोविकारतज्ज्ञांच्या तुकडीच्या देखरेखीखाली. शनिवार-रविवारचे शिबिर करून प्रमाणपत्र मिळवलेल्या माणसाने लॉजवर खोली घेऊन बैठका घेणे याला त्या अनुभवांचा आधार देता येणार नाही. उपचार घेण्यापूर्वी समोरची व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून तिची नोंद आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि जिच्या घरात मारहाण आजही चालू आहे, तिला आधी सुरक्षित छप्पर आणि कायद्याची मदत मिळाली पाहिजे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 18 ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या मनोविकार विभागांतील आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मानसशास्त्रज्ञांना ई.एम.डी.आर. पद्धतीचे रीतसर, पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीसह चालणारे प्रशिक्षण द्यावे, ही माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे. नेमणुका करताना अहिराणी, भिली आणि पावरी बोलणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, घेतल्या जाव्यात. धडगावच्या बाईला उपचारासाठी दुभाषा म्हणून शेजारचा पुरुष बसवावा लागू नये. बैठका किती, हे रुग्णाच्या प्रकृतीवर ठरावे आणि उद्दिष्टाच्या तक्त्यासाठी कोणाचाही उपचार मध्येच बंद होऊ नये.

तोवर ज्यांना तातडीने कोणाशी बोलायचे असेल, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. आपल्या दैनिकाने हा क्रमांक ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)