मुंबई–नागपूर विमानप्रवास एका तासाचा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील मुंबई–नागपूर प्रवासाच्या चौकटीत विमानाच्या रकान्यात ‘अंतर ८३७ किलोमीटर, वेळ एक तास’ असे छापले आहे. ८३७ किलोमीटर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून भुसावळ, अकोला, वर्धा या मार्गाने नागपूरपर्यंतचे रेल्वेचे अंतर आहे. सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटरही आपण थेट मुंबईपर्यंतचे म्हणून दिले आहेत. तो रस्ता भिवंडीजवळ आमणे येथे संपतो आणि तेथून पुढे ठाण्याची कोंडी ओलांडून शहरात शिरावे लागते.

आकड्यांची ही सरमिसळ एक वेळ सोडून देता येईल, परंतु ‘एक तास’ सोडून देता येणार नाही. सारे सुरळीत असताना विमान प्रत्यक्ष हवेत असते तो हा काळ. कंपन्यांच्या वेळापत्रकात हाच प्रवास साधारण दीड तासाचा असतो, कारण विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ तेथे धरतात. त्यातच मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत आणि पाऊस कोसळू लागला की आकाशात रांग लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनींना मुंबईतील एका रुग्णालयात दाखवायचे होते. दुपारी बाराची वेळ मिळाली होती, म्हणून आम्ही सकाळचे विमान घेतले आणि पहाटेच घरून निघून सोनेगावच्या विमानतळावर पोहोचलो. दारे बंद झाल्यावर मुंबईहून परवानगी मिळेपर्यंत विमान जागीच उभे राहिले. पुढे मुंबईजवळ आल्यावर ते बराच वेळ घिरट्या घालत होते. केमोथेरपीने थकलेल्या बाईला पट्टा लावून ताठ बसवून ठेवणे म्हणजे काय, हे शेजारी बसणाऱ्यालाच कळते. अंधेरीहून परळ गाठेपर्यंत डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी आत गेले होते. आम्हाला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली आणि वहिनींनी ती रात्र दादरच्या एका लॉजमध्ये उलट्या करत काढली. आदल्या रात्री दुरांतोने निघालो असतो, तर त्या आडव्या पडून आल्या असत्या आणि सकाळीच मुंबईत पोहोचल्या असत्या.

विदर्भातून मुंबईला जाणाऱ्यांपैकी अनेकांना उपचार, मंत्रालयातील काम किंवा मुलाखत अशी ठरलेली वेळ गाठायची असते. असा माणूस वृत्तपत्रातील आकडा पाहून तिकीट काढतो. म्हणून अशा चौकटीत हवेतील वेळ, वेळापत्रकातील वेळ आणि घरापासून मुक्कामापर्यंत धरावयाचा वेळ वेगवेगळा द्यावा. या तिसऱ्या आकड्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचा, सामान मिळण्याचा आणि मुंबईतील रस्त्याचा वेळ धरला, तर तो सहा तासांच्या खाली क्वचितच येईल.

दुरुस्ती छापताना ती त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. मागे आपल्या अंकात एका गाडीची वेळ चुकली होती, तेव्हाचा खुलासा निविदांच्या जाहिरातींखाली दोन ओळींत आला होता आणि माझ्या ओळखीतील कोणीही तो वाचलेला नव्हता.

आपला,
एक नियमित वाचक, धरमपेठ, नागपूर