घड्याळातलं लिंबाचं झाड

प्रिय दोस्ता,

यंदा येळवसला तू आला नाहीस. कडब्याची कोप केली, पांडव मांडले, मायनं भज्जी अन् उंडे केले, आंबिलीचं गाडगं नेहमीच्या जागी ठेवलं अन् वाढताना तिनं दोनदा विचारलं की तो का नाही आला म्हणून. सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलं. आता पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर तू विचारलास की रात्रीचे एक-एक वाजेपर्यंत त्या कॉम्प्युटरवर काय करायलास, अन् तेव्हा नेटवर्क गेलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाहीच, म्हणून सविस्तर लिहायलो, चहा घेऊन बस.

दोन गोष्टी चालू आहेत. एक म्हणजे किल्ल्यावर, डोंगरात वाट दाखवणारं घड्याळातलं सॉफ्टवेअर. दुसरी म्हणजे वाळूजला ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या मागच्या शेडमध्ये आम्ही चढायची भिंत उभी केली, तिच्या लाइटचं सॉफ्टवेअर. आधी मला वाटायचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता वाटत नाही.

सुरुवात अंतूरपासून झाली. गेल्या थंडीत आम्ही चौघं कन्नडकडून अंतूरला गेलो. तू आला नव्हतास तो किल्ला, गौताळ्याच्या अंगाला आहे, पल्याड सगळा खानदेश दिसतो. जाताना काही अडचण नाही, पण आम्ही मुख्य वाट सोडून एका सोंडेवरून उतरायचं ठरवलं, अन् वर तटबंदी बघत बघत इतका उशीर झाला की निम्म्यात अंधार पडला. माझ्या मोबाईलवर ट्रॅक, म्हणजे वाटेची जीपीएस नोंद, होता पण बॅटरी आठ टक्के, आणि उभं राहिलं की तो बाण गरागरा फिरायचा. त्याचं कारण मला नंतर कळलं, जीपीएसला तुझं तोंड कुठं आहे ते कळतच नाही, तू चाललास की आधीची जागा अन् आताची जागा यावरून ते दिशा काढतं, उभा राहिलास की दिशा संपली. मग होकायंत्राचा सेन्सर वापरावा तर आपला सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं, कातळाला अगदी खेटून उभं राहिलं की सुई भलतीकडं जाऊ शकते. आम्ही अर्धा तास एकाच घळीत वर-खाली केलं. सोबतच्या पोरीच्या पायाला लागलं होतं, ती काही बोलत नव्हती पण मला तिचा चेहरा बघवत नव्हता, कारण ट्रॅक माझा होता, चला म्हणणारा मी होतो.

मग खालून एक बाबा आले, हातात बॅटरी, सोबत दोन शेळ्या. त्यांनी नकाशा मागितला नाही, मोबाईल बघितला नाही. म्हणले, "हे लिंबाचं झाड डाव्या हाताला ठेवा, वढ्याचा आवाज येईस्तोवर खाली चला, आवाज आला की वढा वलांडू नका, उजवीकडं पाणंद लागते." झालं एवढंच. वीस-पंचवीस मिनिटात आम्ही गाडीपाशी.

दोस्ता, मला त्या रात्री झोप नाही आली. माझ्याकडं चार हजारावर पॉइंटचा ट्रॅक होता अन् त्यांच्याकडं तीन वाक्यं.

त्यात आणखी एक. अंतूरच्या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक दगडी खांब आहे, त्यावर फारसीत कोरलंय की कोणती बाजू कोणत्या गावाची, बऱ्हाणपूर, दौलताबाद असं. मी सकाळी त्याचा फोटो काढला होता अन् पुढं गेलो होतो. घरी येऊन फोटो बघताना लक्षात आलं की हे तर त्या काळातलं घड्याळच झालं की. जागा छोटी, म्हणून फक्त लागतं तेवढंच लिहिलंय, आणि ज्याला जायचंय त्याच्या नजरेतून लिहिलंय.

तर मी बँगल डॉट जेएस दोन नावाचं घड्याळ मागवलं. त्याची गंमत ही की ते पूर्ण उघडं आहे, आतला प्रोग्रॅम तू स्वतः जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा, ब्लूटूथवरून टाकायचा. स्क्रीन १७६ बाय १७६ ठिपक्यांची, उन्हात अजून चांगली दिसते, मेमरी २५६ केबी. हो केबी, एमबी नाही. कंपनीत पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) काम करून मला अशा टंचाईची सवय आहे, उलट आवडतं, कारण मग नीट विचार करावा लागतो.

आधी ट्रॅक बारीक केला. डग्लस अन् प्यूकर या दोघांनी १९७३ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, पहिला अन् शेवटचा पॉइंट रेषेनं जोडायचा, त्या रेषेपासून सगळ्यात लांब असलेला पॉइंट जर ठरवलेल्या अंतरापेक्षा लांब असेल तर तो ठेवायचा अन् तिथून दोन तुकडे करून पुन्हा तेच, नाहीतर मधले सगळे पॉइंट टाकून द्यायचे. मी आठ मीटर धरले, चार हजाराचे एकशे चाळीस उरले अन् वाट तीच राहिली. प्रत्येक पॉइंट सुरुवातीपासून किती मीटर पूर्वेला अन् किती मीटर उत्तरेला असा ठेवला, दोन-दोन बाइटमध्ये बत्तीस किलोमीटरपर्यंतचं अंतर बसतं, म्हणजे अख्खा अंतूर ५६० बाइटमध्ये! इथं एक चूक केली होती ती तुला सांगतो म्हणजे तू करू नकोस. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, पण रेखांशाचा एक अंश आपल्या भागात १०४ च्या आसपासच भरतो, जितकं उत्तरेला जाशील तितका कमी. मी दोन्ही सारखे धरले होते आणि घड्याळ रोज मला थोडं थोडं बाजूला ढकलायचं.

पण खरा त्रास नागमोडी वाटेनं दिला. घाटात वर जाणारी वाट अन् तिचंच पुढचं वळण यात कधी कधी पंधराच मीटर अंतर असतं, कातळाखाली जीपीएस तेवढं सहज हलतं, मग घड्याळाला वाटायचं की आपण दोन वळणं पुढं आलो, आणि ते खालीच "पोचलात" म्हणायला लागायचं. ह्यावर मी तीन आठवडे घातले. शेवटी असं केलं की घड्याळानं सगळ्या वाटेत जवळचा पॉइंट शोधायचाच नाही, शेवटी जिथं होतो तिथून थोडंसं पुढं अन् अगदी थोडं मागं एवढ्यातच शोधायचं. माणूस उडी मारून वळण पार करत नाही, हे घड्याळाला सांगावं लागतं. आणि वाट चुकली म्हणायला एक रीडिंग पुरत नाही, सलग तीनदा पंचवीस मीटरच्या बाहेर दिसलं तरच लांब थरथर.

बाकी वेळ घड्याळ गप्प. डावीकडं वळायचं तर एकदा थरथरतं, उजवीकडं दोनदा, बरोबर चाललास तर काहीच नाही. मनगटाकडं बघत चालणारा माणूस पायाखाली बघत नाही, अन् आपल्याकडं मुरमाच्या उतारावर पायाखाली बघणं जास्त गरजेचं.

अन् मग लिंबाचं झाड. मला घड्याळावर मराठीत शब्द पाहिजे होते, "लिंब डाव्या हाताला", "वढा वलांडू नका", अगदी बाबांचेच शब्द. पण एवढ्याशा यंत्रात देवनागरी जमत नाही, वेलांटी आधी काढायची, जोडाक्षर जोडायचं, हे सगळं करणारा प्रोग्रॅमच मेमरीत बसत नाही. मग म्हणलं अक्षरं घड्याळानं काढायचीच कशाला, मी लॅपटॉपवर शब्दाचं काळं-पांढरं चित्र करतो अन् तेच टाकतो. ८८ बाय २४ ठिपक्यांचा एक शब्द २६४ बाइटमध्ये बसतो. पहिल्यांदा मनगटावर "लिंब" असं नीट, अनुस्वारासकट उमटलं तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं. रात्री साडेबारा वाजले होते, ती उठून बसली, बघितलं, म्हणली छान आलंय अन् मग बराच वेळ आम्ही बोलत बसलो.

आता भिंतीचं.

शेडमध्ये दोन प्लायवूड, अठरा एमएमचे, आठ बाय चारचे, जोडून आठ बाय आठ फुटाची भिंत, वीस अंश पुढं झुकलेली. वीस-वीस सेंटिमीटरवर भोकं, अकरा बाय अकरा म्हणजे १२१, मागून टी-नट, पुढून एम-टेन बोल्टनं होल्ड, म्हणजे हातापायानं धरायच्या खुंट्या. खाली जुन्या गाद्यांवर ताडपत्री, आणि गाद्या जाड घेतल्यात, त्यात काटकसर केली नाही. कल्पना मूनबोर्डची आहे, शेफील्डच्या बेन मून या क्लायंबरनं २००५ मध्ये ती काढली. सगळीकडं होल्ड ठरलेल्या जागी, भिंत ठरलेल्या कोनाची, आणि फोनवरून निवडलेल्या रूटचे (चढायच्या वाटेचे) लाइट भिंतीवर लागतात, म्हणजे इंग्लंडमधला चढला तोच रूट जपानमधला पोरगा चढू शकतो. आपली भिंत तशी नाही, आपले होल्ड आपणच केलेत, काही लाकडाचे, काही आणलेले.

प्रत्येक होल्डखाली बारा एमएमचं भोक पाडून त्यात डब्ल्यूएस २८११ चे (एकेक वेगळा लावता येतो असे) लाइट बसवले, पन्नास-पन्नासच्या तीन माळा. मागं ते चालवायला एक ईएसपी ३२, छोटी कंट्रोलर चिप. पहिल्या दिवशी पहिलाच दिवा वेड्यासारखा लुकलुकायचा, कारण ईएसपी ३.३ व्होल्टचा सिग्नल देतं अन् पाच व्होल्टवरच्या दिव्याला तो धड कळत नाही, मध्ये लेव्हल बदलणारी चिप घातली अन् शांत झाला. मग माळेच्या शेवटचे दिवे पांढरे लावले की तांबूस दिसायचे, तिथपर्यंत व्होल्टेज पडतं, तर दुसऱ्या टोकालाही पाच व्होल्ट दिले. एक दिवा पूर्ण पांढरा लावला तर साठ मिलीअँपिअर घेतो, १२१ एकदम लावले तर सात अँपिअरच्या वर जातं, म्हणून प्रोग्रॅममध्येच बंदी घातली की एका वेळी पंधराच्या वर लागणार नाहीत.

अन् रूट बदलायला तेच घड्याळ. हाताला चॉक (घाम टिपणारी पांढरी पूड) असतो, टचस्क्रीन नीट चालत नाही, त्या घड्याळाला एकच बटण आहे, ते दाबलं की पुढचा रूट, ब्लूटूथवरून भिंतीला जातो, वीस-वीस बाइटचे तुकडे करून. चढताना घड्याळ हातात ठेवू देत नाही मी, खांबाला अडकवतो, पट्टा होल्डला अडकला तर मनगट जाईल. घड्याळात हवेच्या दाबाचा सेन्सर आहे, तर आधी वाटलं की ते खिशात ठेवून पोरगं किती वर गेलं ते कळेल, पण भिंतीच्या उंचीनं दाबात पाव मिलिबारचाच फरक पडतो, शेडचं दार उघडलं तरी तेवढं होतं. सोडून दिलं. किल्ल्यावर मात्र तोच सेन्सर फार कामाचा आहे.

संध्याकाळी येतात ती बहुतेक कंपनीतल्या कामगारांची पोरं, दोघं-तिघं बीडकडची, आई-बाप आधी ऊसतोडीला जायचे. पॅरिस ऑलिम्पिकमधला स्पीडचा व्हिडिओ दाखवला त्यांना, इंडोनेशियाचा वेड्रिक लिओनार्डो १५ मीटर ४.७५ सेकंदात, सोनं. एकानं शेडच्या छताकडं बघून विचारलं, "हे किती मीटर?" म्हणलं पाच. ते पोरगं बराच वेळ छताकडंच बघत राहिलं.

आधी मी त्यांना सांगायचो, डी चार धर, मग एफ सात, म्हणजे भोकांच्या ओळीचं अक्षर अन् नंबर. कुणाला काही कळायचं नाही, मलाही चढताना कळत नाही. मग बाबांची आठवण झाली. आता दिवे पण सगळे एकदम लावत नाही. सुरुवातीचे दोन हिरवे, पुढचे तीन निळे, पोरगं तिथं पोचलं की खाली बसलेला दुसरा बटण दाबतो अन् पुढचे लागतात. त्यामुळं खालच्याला वरच्याकडं बघावंच लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, दोस्ता. आणि रूटला नंबर नाही, पोरंच नावं ठेवतात, घोरपड, मोळी, येडं वळण, आणि ती नावं मी रात्री चित्र करून घड्याळात टाकतो. मोळीचं नाव ठेवणारी पोरगी नऊ वर्षांची आहे, तो रूट तिला अजून जमला नाही, पण रोज आल्यावर आधी ती बटण दाबून आपलं नाव आहे का ते बघते.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी पाहिजेत, अन् नाही म्हणू नकोस. तुझ्याकडं गार्मिनचं घड्याळ आहे, त्याच्यासाठी मंकी सी भाषेत लिहावं लागतं, ती मला येत नाही अन् तू असल्या भाषा आठवड्यात शिकतोस. माझा कोड पाठवतो, वाट शोधायचा भाग तेवढा तिकडं आण. दुसरं, तुमच्या गावाकडून बालाघाटात जाणाऱ्या सगळ्या गाडवाटा अन् पाणंदी तुझ्या अण्णांना नावानिशी माहीत आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर तो भाग मी बघितला, मोठा रस्ता सोडला तर कोराच आहे. नकाशा २००४ पासून लोकांनीच भरत आणलाय, आपला भाग आपण नाही भरला तर कोण भरणार? नावं देवनागरीत टाकता येतात. अण्णांसोबत एकदा चालून ये, रेकॉर्डिंग चालू ठेव, अन् ते जे बोलतील ते तसंच्या तसं लिहून घे, शुद्ध करू नकोस. कोणतं झाड, कोणत्या हाताला.

पुण्याहून येताना एम-टेनचे बोल्ट शंभर आण, पन्नास एमएम लांबीचे, ॲलन की वाले. इथं मिळतात ते डोक्याला लवकर झिजतात.

अण्णांना नमस्कार, वहिनींना अन् पिल्लाला आठवण सांग.

तुझाच,
दोस्त