सूचना : रविवारच्या वाचनाला मोलिएर

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'ल बुर्जुआ जांतियोम' हे विनोदी नाटक वाचायचं आहे. पाचही अंक वेळेत होणार नाहीत. दुसरा ते चौथा एकत्र वाचू, बाकीचे कृपया घरून वाचून या.

कापडवाल्याचा मुलगा जूर्दँ बक्कळ पैसा राखून आहे आणि आता त्याला उमराव व्हायचंय. संगीत, नृत्य, तलवारबाजी, तत्त्वज्ञान, सगळ्यांचे मास्तर घरी. हे मास्तर आपलीच विद्या श्रेष्ठ म्हणत एकमेकांवर तुटून पडतात, तो प्रवेश घाईने उरकायचा नाही! खरा उमराव दोरांत मात्र गोड बोलून त्याच्याकडून उधारी उकळतो. बायकोला हे कळतं, पण तिचं ऐकतो कोण?

चौथ्या अंकात जूर्दँला खोटी तुर्की पदवी देण्याचा सोहळा आहे, त्यामागे १६६९ साली फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या दरबारी आलेला ऑटोमन (तुर्की) दूत आहे. पुढच्याच वर्षी शांबोरच्या राजवाड्यात पहिला प्रयोग झाला. त्यात जूर्दँ झाला होता खुद्द मोलिएर, आणि सोहळ्यातला मुफ्ती (धर्मगुरू) झाला होता संगीतकार लुली. लुलीचं संगीतही ऐकायचंय, कोणीतरी स्पीकर आणा.

मोलकरीण निकोलची भूमिका अजून रिकामी आहे. मालकाचा नवा पोशाख पाहून तिला हसू आवरत नाही, तेव्हा खळखळून हसता येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.